दुहेरी शिवण

मोठीआईच्या लॉन्ड्रीत कपड्यांवर खूण करायची पद्धत नव्हती. इतर ठिकाणी कॉलरच्या आत शाईनं आकडे घालतात, नाहीतर चिठ्ठ्या टाचतात. त्या चिठ्ठ्या धुण्यात विरघळतात आणि शर्टाला लगदा चिकटला म्हणून गिऱ्हाईक दारात येऊन तोंड वाजवतं. मोठीआई लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला टबाशेजारी उभं केलं आणि सांगितलं, "लोक अंगावरचा कपडा काढून आपल्या हातात देतात. त्यावर आकडे कसले घालायचे? माणसं आहेत, कैदी नाहीत. नाक आहे ना तुला? मग ते वापर."

आणि सासूनं तिला शिवणी दाखवल्या. काखेतल्या, कॉलरखालच्या, उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यातल्या, जिथे कापड दुमडून दोनदा शिवलेलं असतं. साबण बाकी सगळं नेतो, पण दुहेरी शिवणीच्या पोटात तो नीट पोचत नाही. तिथे त्या घराचा वास राहतो. कितीही धुवा, थोडासा राहतोच.

चाळीस वर्षं मोठीआई तशीच कपडे वेगळे करत आली. दोरीवरून उतरवलेला ढीग मधोमध, ती स्टुलावर, आणि भोवती गाठोड्यांची फडकी अंथरलेली. कपडा उचलायचा, शिवण नाकाशी न्यायची, टाकायचा. दातांचे डॉक्टर. शाळेतल्या बाई, खडू आणि मांजर. बेकरीवाला. बेकरीवाल्याचा भाऊ, जो बेकरीत कधी पाय टाकत नाही. बोलत बोलत, सुनेला टोमणे मारत मारत हात चालायचा आणि एक रुमाल इकडचा तिकडे व्हायचा नाही. वर गाठोडं देताना गिऱ्हाइकाच्या बायकोला हळूच सांगायची, "तुमच्या ह्यांनी सिगारेट परत धरली बरं का." दोन घरांत त्यावरून भांडणं झाली आणि दोन्ही वेळा मोठीआईचं खरं निघालं.

या नाकाचा तिला मोठा तोरा होता. पण कौतुक वाटत होतं म्हणाल तर नाही. सुताराला पटाशी असते तसं तिला नाक होतं. पटाशीचे कुणी आभार मानतं का?

मग थंडी सरता सरता तिला ताप आला. आठ दिवस अंथरुणात गेले. नवव्या दिवशी उठली, तोंड धुतलं, साबणाची वडी हातात घेतली आणि तिला वाटलं की वडी नासली. वासच नाही. मग टॉवेल. मग सोड्याचा डबा, ज्याच्या भपक्यानं एरवी डोळ्यांना पाणी यायचं. झाकण उघडून तिनं त्यात तोंडच घातलं. काही नाही. जग होतं तिथेच होतं, भिंती होत्या, सून भांडी घासत होती, पण सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं. सुनेनं चहाचा कप आणून दिला. तो नुसता गरम होता, चहा नव्हता.

मोठीआईनं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, आता कोपऱ्यात बसवतील, कपाळाला बाम चोळतील आणि म्हणतील, आराम करा. तिनं ठरवलं, नाक नसेल तर डोळे आहेत. चाळीस वर्षांत कपडे काय नुसते हुंगलेच? बघितलेही आहेतच की. ती स्टुलावर बसायची, शिवण नाकाशी न्यायची, वास घेतल्याचं सोंग करायची आणि रंगावरून, बटणावरून अंदाजानं टाकायची. दोन महिने गेले आणि एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. मोठीआई मनात म्हणाली, बघा, माझं नाक गेलं तरी माझी अक्कल कुठे जाते!

आता घड्याळवाल्यांचं ऐका.

समोरच्या रस्त्याला वळण आहे, तिथे त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. उंच, वाळका माणूस, कपाळावर सदा भिंग चढवलेलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दर आठवड्याला स्वतःचे चार शर्ट आणून टाकायचे, मोठीआईला "ताई, बरंय ना?" विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता जायचे. त्या आठवड्यात शर्टांबरोबर त्यांनी एक जुनी उशीची खोळ आणली, तोंड बांधलेली. आत बायकोचं लोकरीचं जाकीट होतं. त्याच्या खिशाचं अस्तर फाटलं होतं. ती खोळ त्यांनी सुनेच्या हातात दिली आणि म्हणाले, "नुसतं शिवून द्या. पाण्याला लावू नका."

सुनेनं खोळ वरच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईच्या पायाचं हाड मोडल्याचा निरोप आला. चार दिवसांसाठी माहेरी निघताना ती दारातून म्हणाली, "आई, वरच्या फळीवरच्या खोळीला हात लावू नका हं. ती मी आल्यावर..."

"मला शिकवू नकोस," मोठीआई म्हणाली. "तू जन्मायच्या आधीपासून मी धुतेय. जा, गाडी चुकेल."

तिसऱ्या दिवशी फळी रिकामी हवी होती. मोठीआईनं खोळ खाली घेतली, तोंड सोडलं, जाकीट बाहेर काढलं. एरवी काय झालं असतं? नाकापर्यंत न्यायचीही गरज पडली नसती. खोळ उघडताच तिला कळलं असतं की हे मळलेलं नाही, हे जपलेलं आहे. तिनं तसंच बांधून ठेवलं असतं.

तिनं ते धुतलं. आणि काय सुरेख धुतलं! कोमट पाणी, लोकरीला चालेल असा मऊ साबण, पिळायचं नाही म्हणून दोन टॉवेलांत दाबून पाणी काढलं, सावलीत आडवं पसरून वाळवलं. खिशाचं अस्तरही शिवलं, चष्मा लावून, बारीक टाक्यांनी. सुनेनं काय शिवलं असतं तसं!

सून परत आली, पिशवी खाली ठेवायच्या आतच तिची नजर त्या जाकिटावर गेली. ती मटकन खाली बसली.

"काय झालं? आई बरी आहे ना तुझी?"

"आई, तुम्ही हे धुतलंत?"

"मग काय ओवाळायचं होतं?"

सुनेनं सांगितलं. पाण्याला लावू नका म्हणाले होते. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. पण खोळ बांधलेली, गाठीवर गाठ, आणि देताना त्यांचा हात सुटत नव्हता. का ते कळायला काय शाळा लागते?

मोठीआई जाकिटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला कळलं नाही."

"मला माहीत आहे आई." सून खाली बघून बोलत होती. "तुम्हाला वास येत नाही. तापापासून. मला पहिल्याच दिवशी कळलं. भात करपला आणि तुम्ही पातेल्याशेजारीच बसला होता."

"आणि मग दोन महिने एक कपडा चुकला नाही तो कसा?"

सून उठली, ढिगातला एक शर्ट घेतला आणि काखेतली शिवण उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला, नखाएवढा, पिवळ्या दोऱ्याचा एक टाका. मग चादर. कोपऱ्यात हिरवा. मग टॉवेल. जांभळा. प्रत्येक घराचा एक रंग. कपडे आले की धुवायच्या आधी ती रोज टाके घालत होती, आणि मोठीआई गाठोडी बांधून जेवायला उठली की ती गाठोडी सोडून, चुकलेले कपडे बदलून, तशीच परत बांधून ठेवत होती. दोन महिने. रोज.

मोठीआईला इतका राग आला की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कुणाचा राग, ते तिलाच कळेना.

तेवढ्यात मुलगा आला. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आई, नको सांगूस. नीट घडी करून दे. त्यांना काय कळणार आहे?"

"नाक तुला तुझ्या बापाचं आलं हे मला माहीत होतं," मोठीआई म्हणाली. "अक्कलही त्याच दुकानातून आणशील असं वाटलं नव्हतं." तिनं जाकीट खोळीत घातलं, चपला घातल्या आणि निघाली. सून मागून येते म्हणाली. तिला हातानंच बस म्हणून खुणावलं.

घड्याळांच्या दुकानात गेलं की आधी काही ऐकू येत नाही, इतका आवाज असतो. मग एकेक टिकटिक वेगळी होते. घड्याळवाले टेबलावर वाकलेले होते. भिंतीला चिकटून एक खुर्ची होती, रिकामी. तिच्यावर बायको बसायची, दिवसभर वर्तमानपत्र वाचत, मधूनच त्यांना एखादी बातमी ऐकवत. मोठीआई त्या खुर्चीत बसली नाही.

"मी हे धुतलं," ती उभ्यानंच म्हणाली.

त्यांनी भिंग वर सरकवलं. खोळीकडे बघितलं. गाठ नव्हती. मग त्यांनी जाकीट काढलं आणि नाकाशी नेलं. मोठीआईनं आयुष्यात लाखभर कपडे नाकाशी नेले असतील, पण कपडा नाकाशी नेणाऱ्या माणसाचा चेहरा तिनं कधी समोरून पाहिला नव्हता.

"साबण," ते म्हणाले.

त्यांनी जाकीट मांडीवर घेतलं.

"मी रोज एकदाच कपाट उघडायचो," ते म्हणाले. "सकाळी, दुकानात यायच्या आधी. एकदाच. जास्त वेळा उघडलं तर संपेल म्हणून." मग त्यांनी वर बघितलं. रागावलेले नव्हते. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मोठीआईला वाटलं. "पण ताई, तुम्हाला कसं नाही कळलं? तुम्हाला?"

"नाक गेलंय माझं." हे ती पहिल्यांदाच तोंडानं बोलत होती. "दोन महिने झाले. काही येत नाही. लाजेनं कुणाला सांगितलं नाही, आणि त्या लाजेपायी तुमचं हे..." तिचा आवाज फाटला. तिनं तो लगेच शिवला. "बरं, रडायला मागाहून वेळ आहे. तुमच्याकडे बारीक पातं आहे का?"

"कशाला?"

"डाव्या खांद्याची शिवण सोडा. तिथे चार पदर आहेत, कापड, अस्तर, कापूस, परत कापड. माझा साबण तिथपर्यंत जात नाही. माझ्या सासूचा बापजन्मात गेला नाही."

ते हलले नाहीत. जाकीट छातीशी धरून म्हणाले, "आणि तिथेही काही नसलं तर?"

 इतकी वर्षं ती शिवणीवर विश्वास ठेवून जगली होती, पण ते नाक शाबूत असताना. आता नुसत्या शब्दावर उभं राहायचं होतं.

"नसलं," ती म्हणाली, "तर माझ्या तोंडावर दार लावा आणि शर्ट पलीकडच्या लॉन्ड्रीत टाका. तिथे आकडे घालून देतात."

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं. ज्या पात्यानं ते घड्याळाच्या पोटातला केसाएवढा कण काढायचे, त्यानं पहिला टाका उचलला. तुटला. दुसरा. सहा टाके सोडले, शिवण बोटभर उघडली. त्यांनी पातं खाली ठेवलं, भिंग काढलं, डोळे मिटले आणि त्या फटीवर नाक टेकवलं.

मोठीआईनं श्वास धरला. तिच्या श्वासाचा आता उपयोग काय होता म्हणा, तरी धरला.

त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी सुटलं, चावी संपता संपता घड्याळाची स्प्रिंग सैल होते तसं.

"आहे," ते म्हणाले.

मग फटीतच बोलल्यासारखं, "संत्र्याची सालं. ती कपाटात ठेवायची."

"लवंगेचं तेल," मोठीआई म्हणाली. "उजव्या दाढेला लावायची. ते बोटाला लागून इथे यायचं."

"हो. हो, लवंग आहे."

"केस. रोज नाही धुवायची, आणि धुतले की नीट पुसायची नाही. ओली कॉलर द्यायची मला."

ते हसले. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोठीआईला एकही वास येत नव्हता, पण जे जे ती बोलत होती ते ते त्यांना तिथे सापडत होतं. अंधाऱ्या खोलीत एकानं दिवा धरावा आणि दुसऱ्यानं वस्तू शोधाव्यात तसं चाललं होतं. या बाईला तर ती वर्षातून चार वेळा भेटायची, आणि दोन वाक्यांवर बोलणं जात नसे. पण तीस वर्षं हिचे कपडे हातात होते. हिची दाढ दुखलेली, हिनं सालं वाळवलेली, शेवटी शेवटी औषधांचा कडू घाम आलेला, सगळं मोठीआईच्या नाकातून गेलं होतं. आणि तिनं काय केलं? 'घड्याळवाले' म्हणून गाठोड्यात टाकलं. एकट्या याच घराचं नाही. सगळ्या गल्लीचं. घरोघरचा माणूस न् माणूस तिच्या हातात येऊन गेला होता आणि ती मटार निवडावेत तशी निवडत बसली होती.

"आणि तेल?" तिनं विचारलं.

"लवंगेचं ना? सांगितलं की."

"नाही हो. घड्याळाचं. तुमचं."

त्यांनी परत हुंगलं. "ते नाही येत."

"येणार नाही. तुमचंच आहे ते. आपल्या घराचा वास आपल्याला कधी येत नाही, तो दुसऱ्याला येतो." मोठीआई आता त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "तीस वर्षं तिच्या प्रत्येक कपड्याला तुमच्या यंत्राच्या तेलाचा वास असायचा. पण डाव्या खांद्यालाच. उजव्याला कधी नाही. मी मनात म्हणायचे, हा बाबा हात पुसत नाही का?"

घड्याळवाले वळले. खुर्चीची उजवी बाजू भिंतीला लागलेली होती. जायला यायला वाट होती ती डावीकडून. त्यांनी आपला हात पालथा केला, उलटा केला, आणि तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिले.

"येता-जाता ठेवायचो," ते म्हणाले. "नुसता. काही बोलायचो नाही मी. फार बोलणारा नव्हतो, ताई. तिला मी कधी..." 

"रोजचं होतं म्हणून तर इतकं आत गेलंय," मोठीआई म्हणाली. "आणा ते इकडे. हवा लागू देऊ नका. मी शिवून देते."

मग ती त्या खुर्चीत बसली. चष्मा लावला, सुई ओवली आणि सोडलेल्या सहा टाक्यांच्या जागी बारा घातले, दुहेरी. दुकानातली सगळी घड्याळं आपापली वेळ सांगत होती आणि तिला वाटलं, आपल्या हातांचा वास यात जायला नको, आपण हात धुऊन बसायला हवं होतं.

घरी आली तेव्हा सून अभ्र्यांना इस्त्री करत होती. तोंड उतरलेलं. मोठीआईनं चपला काढल्या, पाणी प्याली आणि स्टुलावर बसली.

"ती तुझी दोऱ्यांची पेटी आण," ती म्हणाली.

"आई, चुकलं माझं. मी सगळे टाके काढून टाकते. पद्धत मोडली मी घराची, मला..."

"पेटी आण म्हटलं. कुठला रंग कुणाचा ते मला दाखव. हिरवा कुणाचा? पिवळा दातांच्या डॉक्टरांना दिलास, तो बरोबर दिलास. आणि एवढे एवढे टाके रोज घालत होतीस, डोळे फुटले असते म्हणजे? चांगल्या दिव्याशी तरी बसायचंस."

सून हातात इस्त्री धरून बघतच राहिली. या घरात आल्याला अकरा वर्षं झाली होती. या तोंडातून 'बरोबर' हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला होता. इस्त्री टेकली ती टेकलीच.

"अगं, जळतंय!" मोठीआई ओरडली.

सुनेनं इस्त्री उचलली. अभ्र्यावर तपकिरी तिकोनी डाग उमटला होता. इतक्या वर्षांत या दुकानात पहिलाच.  आता सासूबाई काय काय बोलतील ते ऐकायला ती मान खाली घालून उभी राहिली.

पण काहीच ऐकू येईना. तिनं वर बघितलं. मोठीआई स्टुलावरून उठली होती आणि तिची नाकपुडी थरथरत होती.

"जळतंय," ती परत म्हणाली, पण हळू. "मी इकडे पाठ करून बसले होते गं. मला जळल्याचा वास आला."

तिनं अभ्रा ओढून घेतला आणि डागावर तोंड ठेवलं. करपल्याचा, कडवट, घशाला झोंबणारा वास. आयुष्यभर जो येऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. तो आता तिनं पोटभर घेतला. पुरला नाही म्हणून परत घेतला. आणि त्याच्याखालून, अगदी पातळ, दाराच्या फटीतून उजेड यावा तसं आणखी काहीतरी यायला लागलं. तिनं घाईघाईनं अभ्र्याचा कोपरा उलटा केला. दुहेरी शिवण नाकाशी नेली.

एक घर होतं तिथे. वाफेनं भिजलेलं लाकूड. निळीचा गार वास. सोडा. सकाळच्या चहाची पत्ती. तापात कपाळाला चोळलेला बाम, आणि तो चोळणाऱ्या बोटांना लागलेलं भांड्यांच्या साबणाचं लिंबू. राबणाऱ्या, न थांबणाऱ्या माणसांचा उबदार वास. एकमेकांवर ओरडत असतील, पण कुणी उपाशी निजत नसेल असं घर. चाळीस वर्षांत असलं घर आपल्या हाताखालून गेल्याचं मोठीआईला आठवेना.

"हे कुणाचं गं?" तिनं विचारलं. "कुणी नवीन गिऱ्हाईक आलं का? चांगली माणसं दिसतात."

सुनेनं इस्त्री बाजूला ठेवली. मग ती जवळ आली आणि सासूच्या हातातला अभ्रा तिनं सरळ केला.

"आई, हा तुमच्या उशीचा आहे."

मोठीआईनं तिच्याकडे बघितलं. टबाकडे बघितलं, दोऱ्यांकडे, भिंतीला लागलेल्या वाफेच्या डागांकडे. मग अभ्रा परत हळूच उचलला.

"थांब," ती म्हणाली, "बोलू नकोस. मला अजून एकदा घेऊ दे."